गावातल्या बँकेत मॅनेजर कसं होतात? परीक्षा, पगार आणि त्या खुर्चीमागचं काम

जून उजाडला की ग्रामीण भागातल्या बँक शाखेबाहेर सकाळपासूनच गर्दी होते. कुणाच्या पिशवीत सातबारा आणि आठ-अ, कुणाच्या हातात जुनं पासबुक. प्रश्न सगळ्यांचा एकच, “साहेब आलेत का?” त्या खुर्चीवर आपला पोरगा किंवा पोरगी बसावी, असं रांगेतल्या अनेकांना मनातून वाटत असतं. ते अशक्य नाही. मात्र तिथपर्यंत जायचा रस्ता कुठून सुरू होतो आणि तिथं बसल्यावर नेमकं काय करावं लागतं, याची माहिती फार थोड्यांना असते.

नुकत्याच पदवीधर झालेल्या उमेदवाराची थेट ‘ब्रँच मॅनेजर’ म्हणून भरती होत नाही. आधी अधिकारी व्हावं लागतं. राष्ट्रीयीकृत बँकांसाठी आयबीपीएस ही संस्था प्रोबेशनरी ऑफिसरची परीक्षा घेते, स्टेट बँक आपली परीक्षा वेगळी घेते. ग्रामीण बँकांसाठी आयबीपीएसचीच पण निराळी परीक्षा असते, तिला ‘आरआरबी ऑफिसर स्केल 1’ म्हणतात. गावाकडच्या मुलांनी या तिसऱ्या परीक्षेकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

त्याला कारणं आहेत. कोणत्याही शाखेची पदवी चालते. शेती, पशुवैद्यकीय, फलोत्पादन अशा विषयांच्या पदवीधरांना जाहिरातीत प्राधान्य दिलेलं असतं. वयाची अट 18 ते 30 आहे. ओबीसींना 3 वर्षं आणि एससी, एसटींना 5 वर्षं सवलत मिळते. राष्ट्रीयीकृत बँकांच्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर चुकवता येत नाही. ग्रामीण बँकेच्या मुख्य परीक्षेत मात्र इंग्रजी किंवा हिंदी यांपैकी एक निवडता येतं. शिवाय मराठी आणि कोकणीसह 13 प्रादेशिक भाषांत ही परीक्षा देण्याची सोय 2019 मध्ये जाहीर झाली. स्थानिक भाषा येणं ही तर अटच आहे. म्हणजे ज्या मराठीमुळे आपण मागे पडतो असं पोरांना वाटतं, तीच इथं कामाला येते.

आपल्या राज्यात आता एकच ग्रामीण बँक आहे. 1 मे 2025 रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एकत्र झाल्या. नाव महाराष्ट्र ग्रामीण बँक हेच राहिलं. मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आणि प्रायोजक बँक ऑफ महाराष्ट्र. याचा अर्थ बदली राज्यातच होते, पण राज्य मोठं आहे. सिंधुदुर्गची मुलगी गडचिरोलीलाही जाऊ शकते.

परीक्षेत पोरं कुठं अडकतात?

पूर्वपरीक्षेत बुद्धिमत्ता आणि गणिताचे मिळून 80 प्रश्न, वेळ 45 मिनिटं. एका प्रश्नाला जेमतेम अर्धा मिनिट. उत्तर चुकलं तर त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा भाग कापला जातो. त्यामुळे गणित येत नाही म्हणून जितकी मुलं नापास होतात, तितकीच घड्याळ न लावता सराव केल्यामुळे होतात. पूर्वपरीक्षेचे गुण पुढं धरत नाहीत, ती फक्त चाळणी. अंतिम यादी मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांच्यावर, 80 आणि 20 या प्रमाणात लागते.

दुसरा रस्ता क्लार्कचा. ग्रामीण बँकेत या पदाला ऑफिस असिस्टंट म्हणतात आणि त्याला मुलाखत नसते. आत गेल्यावर काही वर्षांच्या सेवेनंतर खात्यांतर्गत परीक्षा देऊन अधिकारी होता येतं. जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षा पास झालं तर वेतनवाढही मिळते. हा रस्ता लांबचा आहे, पण कमी प्रतीचा मुळीच नाही. काउंटरवर घासून आलेला मॅनेजर खाती आणि माणसं दोन्ही ओळखून असतो.

अधिकारी म्हणून सुरुवातीचा मूळ पगार 48,480 रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता आणि इतर भत्ते. राष्ट्रीयीकृत बँकेत शाखेची सूत्रं हातात यायला बहुधा काही वर्षं जातात. ग्रामीण बँकेत छोटी शाखा स्केल 1 च्या अधिकाऱ्याकडेही लवकर येते. पंचविशी-सव्विशीतली मुलगी अख्ख्या शाखेची ‘मॅडम’ झालेली दिसते ती यामुळेच.

खुर्चीवर बसल्यावर

लोकांना वाटतं, साहेबाच्या मनात आलं की कर्ज मंजूर. तसं नसतं. कोणत्या पिकाला हेक्टरी किती कर्ज द्यायचं, ते दर जिल्हास्तरीय तांत्रिक समिती ठरवते. मॅनेजरचे मंजुरीचे अधिकार ठरावीक रकमेपर्यंतच, त्यापुढची फाईल वरच्या कार्यालयात जाते. 2 लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला 1 जानेवारी 2025 पासून तारण मागता येत नाही, आधी ही मर्यादा 1 लाख 60 हजार होती. पण त्या मर्यादेतही जमीन कुणाची, पीक कोणतं, दुसऱ्या बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, हे मॅनेजरलाच तपासावं लागतं आणि खाली सही त्याचीच असते. सही चुकीच्या कागदावर पडली आणि कर्ज बुडालं, तर चौकशी त्याची होते. साहेब एका कागदासाठी परत का पाठवतात, याचं उत्तर अनेकदा इथं सापडतं. (काही साहेब उगाचच परत पाठवतात, तेही खरं.)

गावाकडच्या पोराचा खरा उपयोग इथं होतो. चार भावांची वाटणी बांधावर तोंडी झालेली असते, सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव. वारस लागलेले नाहीत, बहिणींचं हक्कसोड झालेलं नाही. शहरात वाढलेल्या अधिकाऱ्याला हा गुंता कळायला वर्ष जातं. ज्याच्या घरात हेच घडलंय, त्याला फेरफार बघताच समजतं आणि तलाठ्याकडून काय आणायचं ते तो एकाच खेपेला सांगू शकतो. शेतकऱ्याच्या चार चकरा वाचतात.

अवघड काम वसुलीचं. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की खातं एनपीए होतं, इतर बहुतेक कर्जांना 90 दिवसांचाच नियम. वेळेत फेडणाऱ्याला 3 लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर व्याज सवलत मिळते, थकलेल्याला ती मिळत नाही. म्हणून मार्चमध्ये मॅनेजर मोटरसायकलवर वाड्या-वस्त्या फिरतो. पाऊस दगा देऊन गेलेल्या वर्षी ज्याच्या दारात उभं राहायचं, तो माणूस आपल्या वडिलांसारखाच दिसत असतो. या नोकरीत सगळ्यात जड जाणारी गोष्ट हीच, आणि ती कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत.

फॉर्म भरण्याआधी हे बघा

अलीकडच्या भरती जाहिरातींत उमेदवाराचा स्वतःचा कर्ज-इतिहास स्वच्छ असावा, अशी अट येऊ लागली आहे. हप्त्यावर घेतलेला मोबाईल, मित्राच्या गाडीला राहिलेला जामीन, थकलेलं शैक्षणिक कर्ज, हे सगळं सिबिलमध्ये दिसतं. परीक्षा पास होऊन रुजू व्हायच्या वेळी हे आडवं येऊ शकतं. थकबाकी असेल तर आत्ताच भरा आणि बँकेकडून बेबाकी दाखला घेऊन ठेवा.

दाखल्यांचंही तसंच. ही भरती केंद्राच्या नियमांनी होते. ओबीसींना नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याच्या नमुन्यातला चालत नाही. एसईबीसी आरक्षण राज्याच्या नोकऱ्यांपुरतं आहे, बँकांच्या भरतीत ते लागू नाही. अशा उमेदवारांनी पात्र असल्यास केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला काढावा. जाहिरात आल्यावर सेतू केंद्रात रांग लागते, म्हणून अर्ज आधीच करा.

तालुक्याच्या गावी कुणी “दहा लाख द्या, बँकेत लावतो” म्हणाला, तर त्याला एक रुपयाही देऊ नका. आयबीपीएसचा कुणीही एजंट नसतो. अर्ज, प्रवेशपत्र, निकाल सगळं त्यांच्या संकेतस्थळावरच येतं.