सही आहे, पण साक्षीदार कोण?

पत्त्याच्या पानाएवढे जाड कागदाचे कार्ड; दर्शनी बाजूस बेसबॉलपटूचे छायाचित्र, मागे त्याच्या कामगिरीचे आकडे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सिगारेटच्या आणि पुढे च्युइंग गमच्या पाकिटांतून अशी कार्डे घरोघरी पोहोचली. मुलांनी ती जमवली, आपसांत बदलली. त्या छंदाची आज मोठी बाजारपेठ झाली आहे. टॉप्स कंपनीचे मिकी मँटल या खेळाडूचे १९५२ चे एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले.

त्या कार्डावर सही नव्हती. साध्या कार्डाचे मोल त्याच्या दुर्मिळतेवर आणि स्थितीवर ठरते; कोपरे झिजले आहेत की नाहीत, हे डोळ्यांना दिसते. सही केलेल्या कार्डाचे तसे नसते. खेळाडूने लेखणी टेकवली त्या क्षणाला साक्षीदार कोण, यावर त्याचे सारे मोल अवलंबून असते.

ही सही अनेक मार्गांनी मिळते. सामन्यापूर्वी मैदानाच्या कठड्याशी उभे राहून ती मागता येते किंवा परतीचे तिकीट लावलेल्या लिफाफ्यासह कार्ड खेळाडूला टपालाने पाठवता येते. तिसरा मार्ग कंपन्यांनी खुला केला. १९९० मध्ये अप्पर डेक कंपनीने रेजी जॅक्सन याने सही केलेली, क्रमांकित २,५०० कार्डे विक्रीच्या पाकिटांत मिसळली. आता ही पद्धत रूढ आहे. काही सह्या थेट कार्डावर असतात, तर काही पारदर्शक चिकटपट्टीवर घेऊन नंतर डकवलेल्या असतात. संग्राहक पहिल्या प्रकाराला अधिक मान देतात.

जिथे पैसा, तिथे बनावटगिरी आलीच. सॅन डिएगो पॅड्रेस संघाचा टोनी ग्विन याला संघाच्याच दुकानात आपल्या नावाच्या संशयास्पद सह्या आढळल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ राबवून बनावट सह्यांची मोठी टोळी उघडकीस आणली. जप्त मालात मदर तेरेसांची खोटी सही असलेले बेसबॉलचे चेंडूही होते! अस्सलपणाची प्रमाणपत्रे सह्यांइतकीच खोटी निघाली. यातून धडा घेऊन मेजर लीग बेसबॉलने २००१ मध्ये प्रमाणीकरण योजना सुरू केली. नेमलेल्या साक्षीदाराच्या समक्ष झालेल्या सहीलाच तिथे क्रमांकित होलोग्राम मिळतो.

म्हणूनच जाणता संग्राहक अदलाबदलीपूर्वी कार्डाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे मागतो, सही कुठे व कशी मिळाली हे विचारतो. विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीपेक्षा तशाच कार्डाला नुकती प्रत्यक्षात किती रक्कम मिळाली, हे तो पाहतो. टपालाने व्यवहार असल्यास ज्याची ओळख नवी, त्याने कार्ड आधी पाठवायचे, असा संकेत आहे. पातळ पिशवी, तिच्यावर कडक प्लास्टिकचे वेष्टन, मग लिफाफा असा जामानिमा असतो. घरी ते उन्हापासून दूर ठेवावे लागते. शाई फिकी पडते.

अर्थात, कठड्याशी उभ्या मुलाला मिळालेल्या सहीला होलोग्राम नसतो. बाजारात तिचे मोल कमीच येईल. मात्र ती अस्सल आहे, हे त्या मुलाला कोणी पटवून द्यावे लागत नाही.