गळ टाकण्याआधी नदीची ओळख

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या घरी सहलीचे बेत सुरू होतात. यंदा मेहुण्याने धारवाडहून फोनवर बजावले, "भावा, गाळ मरीब्याड्री!" ते ऐकून आमचा धाकटा चक्रावला. सहलीला चिखल कशाला न्यायचा? दोन भाषांच्या घरात हे चालायचेच. कन्नडमधला 'गाळ' म्हणजे आपला मासे धरायचा गळ, हे त्याला समजावले आणि आम्ही कर्नाटकाचा नकाशा पसरून बसलो.

बेत असा: आधी घटप्रभेवरचे हिडकल, मग मलप्रभेवरचे नविलुतीर्थ, पुढे दांडेलीची काळी नदी, तुंगेकाठचे शृंगेरी आणि शेवटी कावेरी. पावसाळा संपून पाणी निवळले की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. मृगाच्या सरी पडल्या की मात्र गळ खुंटीवरच बरा. तेव्हा चढणीचे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध निघालेले असतात. एक मादी धरली, तर तिच्याबरोबर तिची हजारो पिल्ले गेली.

जलाशयांत मिळणारे रोहू, कटला, मृगळ हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. बीज सोडून ते इकडे वाढवले जातात आणि ते धरण्याचा हक्क परवान्याने किंवा ठेक्याने दिलेला असतो. म्हणून आधी मत्स्य खात्याच्या कार्यालयात चौकशी, मग गळ. आपली ती गंमत असते. काठावरच्या भोई-अंबिगेर कुटुंबांची ती भाकरी आहे.

दांडेलीला मुलांना पाण्यापासून लांबच ठेवा. काळी नदीत मगरी आहेत, शिवाय वरच्या धरणातून पाणी सोडले की पातळी बघता बघता चढते. तिथले बरेचसे जंगल व्याघ्र प्रकल्पात येते. अभयारण्यात गळ टाकायचा नाही, हा नियम आपल्या खानापूर तालुक्यातल्या भीमगडलाही लागू आहे. शृंगेरीला तर गळ गाडीतच राहू द्यावा. मठाच्या घाटावर मोठमोठे मासे निर्धास्त फिरतात. भाविक त्यांना चुरमुरे घालतात, धरत कोणी नाही. श्रद्धेने राखलेला डोह कसा असतो, ते मुलांनी तिथे पाहावे.

खरी गोष्ट आहे ती कावेरीची. पाठीवर उंचवटा असलेला महाशीर हा तिथला राजा. कावेरीचे खोरे सोडून तो जगात कुठेच नाही. १९४६ साली कबिनी नदीत गळाला लागलेला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा मासा याच जातीचा मानला जातो. आज हा राजा संपण्याच्या काठावर आहे. २०१८ साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत झाली.

धरणे, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणे आहेतच. पण एक कारण आपल्या घरातले आहे. आपल्या कृष्णा खोऱ्यातला महाशीर, म्हणजे खडस, याचे वर्णन साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून केले. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याला टाटा वीज कंपनीच्या केंद्रात त्याची पैदास होऊ लागली आणि पिल्ले देशभर गेली. ती कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण खडस तिथे फोफावला आणि मूळचा राजा मागे हटत गेला. आपण सीमाभागातली माणसे एकमेकांची भाषा शिकून एका घरात नांदतो. माशांना ते साधत नाही. त्यांच्यात जागा एकाचीच असते.

म्हणून सहलीला निघताना मुलांना तीन गोष्टी सांगून ठेवा. तव्यावर घ्यायचा तो जलाशयात वाढवलेला मासा, तोही परवान्याने आणि जेवणापुरता. महाशीर चुकून गळाला लागलाच, तर ओल्या हातांनी सोडवून लगेच पाण्यात परत द्यायचा. आणि एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत कधीही सोडायचा नाही, मग तो घरच्या काचपेटीतला शोभेचा का असेना. दया म्हणून सोडलेला एक मासाही नदीला महागात पडू शकतो.