गेज-निरपेक्षता : निसर्गाचे किती, आपले किती?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला कालगणनेतील एक विवेक लवकर शिकावा लागतो. बाबासाहेबांचा जन्म इसवी सन १८९१ मधला, म्हणजे शके १८१३ मधला. नागपूरची धम्मदीक्षा १९५६ मधली, म्हणजे शके १८७८ मधली. आकडे बदलले, तरी दोन घटनांतील अंतर ६५ वर्षेच राहते. सन ही माणसाची सोय. अंतर ही वस्तुस्थिती. आधुनिक भौतिकशास्त्रात ‘गेज-निरपेक्षता’ या संकल्पनेमागे हाच विवेक आहे.

प्रोटॉन व न्यूट्रॉन हे क्वार्कांचे बनलेले असतात. क्वार्कांच्या सहा प्रकारांपैकी चार्म, बॉटम आणि टॉप हे जड मानले जातात. १९९५ साली अमेरिकेतील फर्मीलॅबमध्ये सापडलेला टॉप क्वार्क एकटाच प्रोटॉनच्या सुमारे १८४ पट जड आहे. क्वार्कांना बांधणाऱ्या बलाचे वाहक म्हणजे ग्लुऑन. ग्लुऑन-क्षेत्राचे गणिती वर्णन अनेक रीतींनी करता येते. अशा प्रत्येक रीतीला गेज म्हणतात. फाइनमन गेज, लँडाऊ गेज ही त्यांतील प्रचलित नावे. गणितासाठी एखादी रीत निवडावीच लागते. निसर्गाने मात्र कोणतीच निवडलेली नसते.

येथेच अडचण उभी राहते. क्वार्कच्या प्रवासाचे वर्णन करणारे सूत्र गेजबरोबर बदलते. मग त्यातून काढलेले वस्तुमान खरे कसे मानावे? या सूत्राचे मूल्य एका विशिष्ट स्थानी अनंताकडे झेपावते. त्या स्थानाला ध्रुव म्हणतात. सूत्र बदलले तरी ध्रुव ढळत नाही. त्यावरून ठरते ते ध्रुव-वस्तुमान. पायरीपायरीने अधिक अचूक होत जाणाऱ्या या गणिताच्या प्रत्येक पायरीवर ते गेज-निरपेक्षच राहते, हे आंद्रेआस क्रोनफेल्ड यांनी १९९८ साली सिद्ध केले.

म्हणून अभ्यासक गेजची निवड दर्शविणारे अक्षर गणितात मुद्दाम तसेच ठेवतात. अंतिम उत्तरात ते उरले, तर कुठेतरी चूक झाली आहे असे समजावे. अर्थात ही कसोटी आवश्यक आहे, पुरेशी नाही. टॉपचे ध्रुव-वस्तुमान सुमारे १७३ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. दुसऱ्या एका प्रचलित व्याख्येने ते सुमारे १६३ भरते. दोन्ही गेज-निरपेक्ष आहेत. म्हणून कोणती व्याख्या घेतली, तेही सांगावे लागते.

माणसाने केलेली निवड निसर्गाचा नियम म्हणून मिरवू लागली की काय होते, हे जातीच्या उतरंडीने आपल्या समाजाला शतकानुशतके भोगायला लावले आहे. म्हणूनच आपल्या मुलामुलींनी प्रयोगशाळेत आणि समाजातही प्रत्येक दाव्याला विचारावे : यात वस्तूचे किती, आणि सांगणाऱ्याच्या सोयीचे किती?