भटजी नको, परवाना हवा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याचा कायदा भलताच उदार आहे. तिथे वधू-वर स्वतःचं लग्न स्वतःच लावू शकतात. ना भटजी, ना पाद्री, ना साक्षीदार. गाजावाजा टाळणाऱ्या जोडप्यांना रॉकी माउंटन नॅशनल पार्क आवडतं ते उगाच नव्हे.

मात्र दोघांचंच लग्न असलं तरी उद्यानाचा परवाना लागतो, जागाही ठरावीकच. त्यातल्या लिली लेकवरून १४,२५९ फूट उंचीचं लाँग्ज पीक दिसतं. मांडव हवाच कुणाला?

काउंटी देते तो विवाह-परवाना वेगळा. तो ३५ दिवसच चालतो. जुलै-ऑगस्टात दुपारी विजांसह पाऊस नेहमीचाच, म्हणून मुहूर्त सकाळचा धरावा. ड्रोनला बंदी आहे. आणि हो, अक्षताही तिथे उधळता येत नाहीत. त्या घरीच टाकून निघा!