सोंगाड्याने थांबावे कोठे?

विनोदाला मर्यादा असावी की नसावी, हा वाद आपल्याकडे नेहमी चुकीच्या टोकाने सुरू होतो. एक पक्ष अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणतो, दुसरा भावना दुखावल्या म्हणतो. हसणारा कोण, ज्याला हसले तो कोण आणि त्याला उलट बोलायला जागा आहे का, हे कोणी विचारीत नाही.

तमाशातला सोंगाड्या बहुधा महार, मांग, कोल्हाटी समाजातला. दिवसा ज्या पाटलाला जोहार घालायचा, त्याचीच रात्री बोर्डावर फजिती करायची. पण त्याच फडात बाईच्या देहावरचा पाचकळ विनोदही होता, आणि त्यावर वरपासून खालपर्यंत सगळे हसत. भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, शृंगार टाकला. हसू मात्र ठेवले आणि ते अस्पृश्यतेवर, बुवाबाजीवर वळवले. माणसाच्या कृतीला हसावे, जन्माला हसू नये, ही रेघ आपल्याच लोकांनी आधी आखलेली आहे.

आमच्या खालापूर-कर्जतकडे वीटभट्टीवर राबणाऱ्या कातकऱ्यांची मुले आता कुठे कॉलेजात दिसू लागली. एका स्नेहसंमेलनात मुलांनी तोंडाला काजळी फासून, गलोल घेऊन, कातकरी बोलीची नक्कल केली. सभागृह लोटपोट. मागे बसलेली कातकरी मुलगीही हसली. न हसती तर आपण कोण हे सर्वांना कळले असते. मी मुलांना म्हटले, भट्टीमालकाच्या उचलीवर एक नाटुकले बसवा. ते म्हणाले, "सर, मंडपाची वर्गणी त्यांचीच आहे."

याउलट अवघड प्रकरण शंकर यांच्या 1949 च्या व्यंगचित्राचे. संविधानाच्या गोगलगायीवर चाबूक घेतलेले बाबासाहेब, मागे चाबूक उगारलेले नेहरू. 2006 पासून ते अकरावीच्या पुस्तकात होते. 2012 मध्ये संसदेत गदारोळ झाला, सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी सल्लागारपद सोडले, पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. ती मोडतोड मला मान्य नाही. चित्राचा रोख कामाच्या संथपणावर, म्हणजे कृतीवर आहे, जन्मावर नाही. शिवाय ज्यांना हसले त्यांच्याजवळ उत्तर होते. 25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत दिरंगाईच्या आरोपाचा हिशेबच मांडला: मसुदा समितीच्या बैठका 141 दिवस चालल्या, 2,473 दुरुस्त्या सभागृहात निकालात काढल्या, ऑस्ट्रेलियाला तर नऊ वर्षे लागली होती.

पण वर्गातल्या मुलाजवळ ते व्यासपीठ नसते. ज्याच्या आज्याने खरा चाबूक सोसला, त्याला चित्रात आधी चाबूक दिसतो, गोगलगाय नंतर. आणि बाकीचा वर्ग त्याच्याकडे वळून पाहतो. त्याला दोष देणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. मी स्वतः आधी ते भाषण वाचून घेतो, आकडे फळ्यावर लिहितो, नेहरूंच्याही हातातल्या चाबकाबद्दल मुलांना बोलू देतो, आणि मगच चित्र दाखवतो.