हळदीचा डबा आणि अमेरिकेचं पेटंट

भाजी चिरताना बोट कापलं की हात आपसूक हळदीच्या डब्याकडे जातो. याच सवयीवर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने चक्क पेटंट मिळवलं होतं. जखमेवर हळद लावणं म्हणे नवा शोध! भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे ‘सीएसआयआर’ने, त्याला आव्हान दिलं. तेव्हा तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे. पेटंट कार्यालयात आजीची साक्ष चालत नाही, छापील पुरावा लागतो. जुने ग्रंथ, शोधनिबंध धुंडाळून तो दिला गेला आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं.

तिथला प्रश्न मात्र एवढाच होता, की हे आधीपासून ठाऊक होतं का? हळद किती गुणकारी, हा वेगळा प्रश्न.

हळदीला पिवळा रंग देतं ते कर्क्युमिन. हळदीत ते जेमतेम काही टक्केच असतं. प्रयोगशाळेत ते दाह पेटवणारे रासायनिक संदेश मंदावतं, काही जीवाणूंनाही आवर घालतं. दाह हा जखम भरण्याचा सुरुवातीचा टप्पा; तो रेंगाळला की नवी त्वचा धरायला उशीर होतो. पण कर्क्युमिन मोठं हट्टी: पाण्यात जवळपास विरघळत नाही, उजेडात टिकत नाही. म्हणूनच संशोधक त्याला नॅनोकणांत, जेलमध्ये, पट्टीच्या धाग्यांत कोंबून बघताहेत.

आणि आपल्या डब्यातली हळद? ती निर्जंतुक नसते, शिवाय रोज त्यात फोडणीचा चमचा बुडतो. किरकोळ ओरखडा साबण-पाण्याने धुवावा. खोल जखम किंवा मधुमेह्याच्या पायाची जखम थेट डॉक्टरांना दाखवावी.