दीपनगर : एका उद्योगवसाहतीचा भाषिक समाज

१. भुसावळच्या पूर्वेस, वरणगावकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गालगत दीपनगर ही औष्णिक विद्युत केंद्राची वसाहत आहे. फेकरी, निंभोरा, वरणगाव ही परिसरातील जुन्या गावांची नावे पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोलण्यातून रुळत आलेली आहेत. ‘दीपनगर’ हे नाव मात्र संस्कृत घडणीचे आणि केंद्राच्या कार्याला अनुसरून योजलेले आहे. नावातील हा भेद वसाहतीच्या सामाजिक घडणीकडेही अंगुलिनिर्देश करतो. येथील वस्ती शेतीतून वा कुळांच्या विस्तारातून वाढलेली नाही. ती नोकरीच्या आदेशाने एकत्र आली आहे. अशा वस्तीत भाषेचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली. येथील पहिला संच १९६८ मध्ये सुरू झाला. पुढे १९७९ आणि १९८२ मध्ये प्रत्येकी २१० मेगावॅटच्या दोन संचांची भर पडली. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन केंद्र महानिर्मिती कंपनीकडे आले आणि त्यानंतरच्या काळात प्रत्येकी ५०० मेगावॅटचे दोन संच उभे राहिले. पहिले दोन संच आता बंद झाले आहेत. संचांच्या प्रत्येक उभारणीबरोबर अभियंते, तंत्रज्ञ, कारकून आणि कंत्राटी कामगार यांची नवी भरती होत असते. शिवाय शेजारचे भुसावळ हे एकोणिसाव्या शतकापासूनचे मोठे रेल्वे जंक्शन. भुसावळ आणि वरणगाव येथे आयुधनिर्माणीही आहेत. त्यामुळे परप्रांतीय सहकारी आणि कानावर पडणारी हिंदी या परिसराला नवीन नाहीत.

२. दीपनगरचा भाषिक परिसर समजण्यासाठी खानदेशातील बोलींची मांडणी लक्षात घेतली पाहिजे. धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्याचा पश्चिम भाग हा अहिराणीचा मुख्य प्रदेश. ग्रियर्सन यांनी ‘भारतीय भाषा सर्वेक्षणा’च्या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भागात खानदेशीचा विचार मराठीपासून वेगळा, भिल्ली भाषांबरोबर केला. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात तावडी आणि लेवा या बोली प्रचलित आहेत. भुसावळच्या पूर्वेस काही अंतरावर वऱ्हाडीचा प्रदेश सुरू होतो. म्हणजे दीपनगर एका बोलीच्या मध्यभागी नसून अनेक बोलींच्या सीमाभागात वसले आहे.

या बोलींत काही रूपे समान आहेत, तर काही एकेकीची ओळख सांगणारी आहेत. प्रमाण मराठीतील ‘मला’ या रूपाऐवजी अहिराणीत ‘माले’ आणि लेवा व वऱ्हाडी बोलींत ‘मले’ असे रूप येते. ‘-ले’ हा प्रत्यय तिन्हींना समान आहे. याउलट ‘माझा’ या अर्थी ‘मना’ आणि ‘आहे’ या अर्थी ‘शे’ ही रूपे ऐकताच बोलणारा अहिराणीभाषक असल्याचे कळते. ‘डोळा’, ‘केळी’ यांच्या जागी ‘डोया’, ‘केयी’ असा उच्चार लेवा बोलीत आढळतो.

३. निरनिराळ्या बोलींचे लोक एकत्र आले म्हणजे सर्वांना समान असलेली रूपे टिकतात आणि वेगळेपण दाखविणारी गळतात, असा भाषासंपर्काचा सर्वसाधारण अनुभव आहे. या न्यायाने उद्योगवसाहतीत ‘मना’, ‘शे’ ही रूपे मागे पडून ‘-ले’ टिकावयास हवा. परंतु येथे शाळा मध्ये येते. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांना सर्वांत समान असलेली गोष्ट म्हणजे पाठ्यपुस्तकातील मराठी. तिच्यातील ‘-ला’ या प्रत्ययापुढे तिन्ही बोलींचा ‘-ले’ देखील घराच्या उंबरठ्यापर्यंत हटतो. वर्गात त्याचे हसे होईल, ही भीती मुलाला व्याकरणाच्या नियमापूर्वी कळते.

कामाच्या ठिकाणी निराळी व्यवस्था असते. कागदोपत्री ‘संच’ आणि ‘पाळी’ असतात. बोलताना ‘युनिट’ आणि ‘शिफ्ट’ येतात. बॉयलर व टर्बाइन ही नावे सर्वांनी जशीच्या तशी स्वीकारली आहेत. बाजारात मराठीबरोबर हिंदी चालते. अशा प्रकारे एकाच व्यक्तीला दिवसभरात तीन-चार भाषारूपे वापरावी लागतात, आणि त्यांत तिच्या घरच्या बोलीसाठी उरणारी जागा सर्वांत लहान असते.

४. बहुभाषिकतेमुळे बोली नष्ट होतेच, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. सांगलीजवळील कुपवाडचा गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे मार्गदर्शक ठरतो. तेथे कन्नड, मराठी आणि उर्दू भाषक शतकानुशतके शेजारी राहिले. त्यांच्या बोलण्यातील वाक्यरचना एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करता यावे. तरीही शब्दसंपत्ती वेगळी राहिली आणि घरची भाषा घरात टिकली. दुसरे उदाहरण पश्चिम आफ्रिकेतील आहे. सेनेगालची राजधानी डाकार येथील मध्यवर्ती वस्त्यांतून हलविलेल्या लोकांसाठी १९५२ पासून पिकीन हे उपनगर वसले. वोलोफ, सेरेर, फुला अशा विविध समाजांचे लोक तेथे स्थायिक झाले. त्यांच्या मुलांनी गल्लीबोळांत फ्रेंच शब्दांनी भरलेली शहरी वोलोफ आपलीशी केली. तिचे बळ शाळेतून आलेले नव्हते; शाळेची भाषा फ्रेंच होती.

कुपवाडमध्ये भाषा टिकल्या, पिकीनमध्ये एका भाषेचे नवे रूप रुजले. दोन्ही ठिकाणी लोक राहावयास आले होते. घर, शेजार आणि म्हातारी माणसे तेथेच राहिली. नोकरीबरोबर मिळणारे निवासस्थान निवृत्तीबरोबर सोडावे लागते. परिणामी वसाहतीत आजी-आजोबा पाहुणे असतात आणि शेजार बदलीच्या आदेशाने बदलतो. जी पिढी मुलांना बोली देते तीच तेथे स्थायिक नसते. आणि मुलांनी खेळातून स्वतःची मिश्र बोली घडविली तरी ती पुढच्या मुलांच्या हाती पडण्यापूर्वी घरे रिकामी होतात. दीपनगरसारख्या वसाहतीत बोलीची हानी होते ती भाषा पुष्कळ असल्यामुळे नव्हे, तर वास्तव्य नोकरीइतकेच असल्यामुळे.

५. या प्रश्नाचे महत्त्व एका वसाहतीपुरते नाही. जनगणनेत खानदेशी ही आपली भाषा म्हणून नोंदविणारे २००१ मध्ये सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ मध्ये ते सुमारे १८ लाख ६० हजार झाले. या घटीत नोंदणीच्या पद्धतीचा वाटा किती आणि बोली सोडण्याचा किती, हे केवळ आकड्यांवरून ठरत नाही. लेवा बोलीची स्थिती याहून नाजूक आहे. ती बोलणारे मराठीतच मोजले जात असल्याने तिची घट आकड्यांत दिसणारच नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या कवितेने या बोलीला साहित्यात मानाचे स्थान दिले. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण कवितेतील गौरव आणि मुलाशी होणारे रोजचे बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून अशा वसाहतींच्या अभ्यासात ‘मातृभाषा कोणती?’ या एका प्रश्नावर थांबू नये. आजी आली असता नातू तिला कोणत्या रूपात उत्तर देतो. दोन बहिणी शेजाऱ्यांसमोर बोली बदलतात काय. निवृत्त कुटुंब गावी परतल्यावर मुलांच्या बोलण्यात ‘-ले’ परत येतो काय. आणि ज्यांचे घर नोकरीवर अवलंबून नाही, त्या शेजारच्या फेकरी-निंभोऱ्यातील मुले काय बोलतात, हे प्रत्यक्ष ऐकून नोंदवावयास हवे. संचांची उभारणी व समाप्ती यांची नोंद कंपनीच्या दप्तरी राहते. त्यांच्याबरोबर आलेल्या आणि विखुरलेल्या बोलींची नोंद ठेवणे हे भाषाभ्यासकाचे काम होय.